साथ आली आणि स्पर्धा तोंडावर आहे: खेळायचं की थांबायचं, हे कसं ठरवावं

"सर्व क्रीडा स्पर्धा पुढील सूचनेपर्यंत स्थगित." ऑगस्ट 2009 मध्ये आमच्या कॉलेजच्या जिमखान्याच्या बोर्डावर एवढा एकच कागद लागला होता. पुण्यात 3 ऑगस्टला स्वाइन फ्लूनं देशातला पहिला बळी घेतला होता. नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगा लागल्या होत्या, औषधांच्या दुकानांतले मास्क संपले होते, आणि आठवडाभरातच शाळा-कॉलेजं बंद झाली. मी तेव्हा टी.वाय.ला होते. कबड्डीच्या संघात पहिली चढाई माझी असायची. हॉस्टेल रिकामं करायला सांगितलं तशी मी वेल्ह्याकडच्या आमच्या गावी गेले. तिथं त्या वेळी मोबाइलला रेंज हवी तर टेकाडावर चढावं लागायचं.

पुढची सूचना आली, पण ती त्याच बोर्डावर लागली. निवड चाचणी दोन दिवसांवर असल्याचा तो कागद गावात बसलेल्या मला दिसणार कसा? मला कळलं तोवर संघ निवडला गेला होता, आणि ते माझं शेवटचं वर्ष होतं. एक गोष्ट आधीच सांगते: त्या वेळी स्पर्धा थांबवणं बरोबरच होतं. माझी तक्रार आहे ती आम्हाला कुणी काही विचारलं नाही, कारण सांगितलं नाही आणि तारीखही दिली नाही, याबद्दल.

आज मी स्वतः क्रीडा संचालक आहे. आमचं कॉलेज सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात आहे, त्यामुळे जानेवारी 2025 मध्ये जीबीएसची, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची, साथ आली ती आमच्या दारातच. त्या वेळी जो निर्णय घ्यावा लागला, आणि त्याआधीचे जे काही घेतले, त्यांवरून हे लिहिते आहे. जिमखाना समितीत बसणारे प्राध्यापक, क्रीडा संचालक, विद्यार्थी प्रतिनिधी यांना उपयोग व्हावा म्हणून.

बैठक बोलावण्याआधी एक खात्री करून घ्या, की निर्णय खरोखर तुमच्या हातात आहे का. साथरोग कायदा 1897 चा आहे, प्लेगच्या काळातला, आणि तो लागू झाला की जिल्हाधिकारी किंवा महापालिका आयुक्तांच्या आदेशापुढे चर्चेला जागा राहत नाही. 13 मार्च 2020 ला आपल्या राज्यात तो लागू झाला आणि पुणे, पिंपरी-चिंचवड, मुंबई, नागपूर अशा शहरांतले व्यायामशाळा आणि जलतरण तलाव रातोरात बंद झाले. असा आदेश असेल तर बैठकीचा वेळ मुलांपर्यंत निरोप कसा पोचवायचा यावर घालवा. आदेश नसेल तर मात्र जबाबदारी पूर्ण तुमची आहे. "वरून काही आलं नाही" हे कारण सांगू नका.

यानंतरचा प्रश्न असा की हा आजार जातो कोणत्या वाटेनं? माझ्या मते सगळा वाद इथंच निम्मा सुटतो. तरीही बहुतेक बैठकांत हा प्रश्न निघतच नाही. "साथ आहे, बंद करा" आणि "काही होत नाही, खेळू द्या" असे दोन तट पडतात आणि तासभर तेच चालतं.

जीबीएसचंच घ्या. टीव्हीवर पायातली ताकद गेलेले रुग्ण, व्हेंटिलेटर, किरकटवाडी, नांदेड, धायरी ही रोजच्या ओळखीची नावं. संशयित रुग्णांचा आकडा पुढे 200 च्या वर गेला. आमची आंतरमहाविद्यालयीन कबड्डी स्पर्धा जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात होती आणि 16 संघ येणार होते. एका मुलीच्या वडिलांचा भोरहून फोन आला, "मॅडम, पोरीला पाठवू का नको, तुम्ही सांगाल तसं." फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तशीच बसले. त्या माणसानं सगळा भार माझ्यावर टाकला होता आणि मला उत्तर माहीत नव्हतं.

उत्तर डॉक्टरांशी बोलल्यावर मिळालं. जीबीएस एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंवर उलटते, आणि त्याआधी एक-दोन आठवडे बहुतेकदा पोटाचा किंवा श्वसनाचा संसर्ग होऊन गेलेला असतो. पुण्यात रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला होता. तो दूषित पाण्यातून आणि कच्च्या राहिलेल्या कोंबडीतून पोटात जातो. म्हणजे पकड केल्यानं, अंगाला अंग लागल्यानं कुणाला काही होणार नव्हतं. धोका होता तो मैदानाच्या कडेला ठेवलेल्या स्टीलच्या पिंपात.

हे कळलं आणि बैठकीत बोलायचे विषयच बदलले. कबड्डी घ्यायची की नाही याऐवजी आम्ही पाणी कुठून आणायचं यावर बोललो. ठरलं ते असं. पिण्याचं पाणी मोठ्या पातेल्यांत खळखळ उकळून, झाकून, गार करून द्यायचं. जारचं पाणी शुद्धच असतं हे गृहीत धरायचं नाही. टाकीतल्या पाण्याची रोज सकाळी ओटी चाचणी करायची: छोट्या नळीत पाणी घेऊन त्यात द्रावणाचे थेंब टाकले की क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो. रंग आला नाही तर ते पाणी चूळ भरायलासुद्धा वापरायचं नाही. जेवणात गरम पिठलं-भात, कोशिंबीर नाही, चिकन नाही. ज्याला गेल्या दोन आठवड्यांत जुलाब झाले असतील त्यानं आधी डॉक्टरांना दाखवून यायचं. मुक्कामी कुणी राहायचं नाही. आणि जो संघ येणार नाही त्याला ना दंड, ना कुठं शेरा. सहा संघ आले नाहीत. दहा संघांत स्पर्धा झाली.

आणि एवढं करूनही दुसऱ्या दिवशी दुपारी काय झालं ते सांगते, कारण आखणीत नेमकं काय सुटतं हे यावरून कळेल. एका मुलीचा घोटा मुरगळला. कुणीतरी धावत जाऊन बाहेरच्या गाडीवरून बर्फ आणला. शेकून झाल्यावर उरलेला बर्फ बादलीत तसाच पडलेला. पाच मिनिटांनी पाहते तर दोन मुली तोच बर्फ फोडून लिंबू सरबतात टाकत होत्या. आमच्या यादीत पाणी होतं, जेवण होतं, बर्फ नव्हता. सरबत ओतून टाकलं. कुणालाही काही झालं नाही, तरी पुढचे पंधरा दिवस मी रोज संध्याकाळी त्या दोघींना फोन करत होते. तेव्हापासून आमच्या प्रथमोपचार पेटीत जेलचे थंड पॅक असतात.

आजार बदलला की ही सगळी आखणी बदलते. फ्लू किंवा कोविड असेल तर उकळलेल्या पाण्यानं काही साधत नाही, तिथं हवा आणि जवळीक महत्त्वाची. गोवर सगळ्यात अवघड. रोगी खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतो, आणि पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासूनच रोगी तो पसरवत असतो. तेव्हा बंद हॉलमधलं बॅडमिंटन किंवा टेबल टेनिस सरळ थांबवा आणि कुणाचं लसीकरण झालंय ते विचारा. कांजिण्यांत खपल्या धरेपर्यंत आणि गालगुंडात सूज आल्यापासून पाच दिवस त्या मुलाला वेगळं ठेवावं लागतं. त्यासाठी सगळी स्पर्धा गुंडाळायची गरज नसते, पण ज्या संघात रुग्ण निघाला त्या संघाबद्दल वेगळं ठरवावं लागतं. 2023 च्या पावसाळ्यात आळंदीपासून डोळ्यांची साथ पसरली, तेव्हा टॉवेल, रुमाल आणि हात हेच वाहक होते. आम्ही कुस्ती आणि कबड्डीचा सराव थांबवला, पण धावण्याचा सराव चालू ठेवला.

डेंग्यूबद्दल एक वेगळी गोष्ट. तो डासांमुळे होतो, खेळाडूकडून खेळाडूला लागत नाही. त्यामुळे स्पर्धा रद्द करून काही साधत नाही, मैदान तपासलं तर साधतं. आमच्या मैदानाच्या कोपऱ्यात कमरेला दोर बांधून ओढायचे जुने टायर पडलेले असायचे. पावसाचं पाणी त्यांत साचलेलं. मी स्वतः त्यांत वळवळणाऱ्या अळ्या पाहिल्या. टायरना भोकं पाडून घ्या, ताडपत्रीवरचं पाणी झटका, आठवड्यातून एक कोरडा दिवस, म्हणजे साचलेलं सगळं पाणी ओतून टाकायचा दिवस, मैदानावरही पाळा.

आता खुद्द स्पर्धेकडे या. स्पर्धा म्हटलं की डोळ्यांसमोर सामना येतो, पण महिलांच्या कबड्डीचा सामना दोन डावांचा, पंधरा-पंधरा मिनिटांचा. त्यासाठी संघ टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये चार तास काचा लावून गाणी म्हणत येतो, एकाच बाटलीला तोंड लावून पाणी पितो, रात्री हॉलमध्ये सतरंज्या टाकून शेजारी-शेजारी झोपतो आणि सकाळी बारा जणींत दोन टॉवेल फिरतात. श्वासातून पसरणारा आजार असेल तर सामन्यातल्या अर्ध्या तासापेक्षा ह्या अठरा तासांची मला जास्त काळजी वाटते. म्हणून कागदावर पाच रकाने पाडा: प्रवास, मुक्काम, जेवण-पाणी, सामना, प्रेक्षक. प्रत्येक रकान्यात विचारा, इथं आजाराला वाट मिळते का, आणि ती बंद करता येते का. पुष्कळदा असं निघतं की सामना ठेवता येतो, मुक्काम ठेवता येत नाही. मग एका दिवसात जाऊन परत येता येईल एवढ्याच अंतरावरचे संघ बोलवा. पाचही रकान्यांत वाट उघडी राहत असेल तर पुढं बोलण्यात अर्थ नाही, थांबा.

बैठकीत कोण असावं? प्राचार्य, जिमखाना समिती, हॉस्टेलचे रेक्टर, एक डॉक्टर, एक पालक, आणि निदान तीन खेळाडू. खेळाडूंत एक जण शेवटच्या वर्षाचा हवा, कारण त्याचं जाईल ते परत येणार नाही. एकजण राखीव खेळाडूंतला हवा. रेक्टरना विसरू नका. ताप आलेल्या मुलांना ठेवायला त्यांच्याकडे वेगळी खोली आहे का, यावर पुष्कळ काही अवलंबून असतं. बोलण्याची सुरुवात विद्यार्थ्यांपासून करा आणि प्राचार्यांना शेवटी बोलू द्या. प्राचार्य आधी बोलले की आपल्याकडे बाकीचे मान डोलावतात. मी आमच्या सरांना हे आधी केबिनमध्ये जाऊन सांगितलं. त्यांनी ते मनापासून मानलं.

डॉक्टरांना "खेळू द्यावं का?" असं विचारू नका. कोणताही डॉक्टर म्हणणार, टाळलेलं बरं. त्यांना ठरवायला लावण्याऐवजी माहिती विचारा. लक्षणं दिसण्याआधी आजार पसरतो का? कितव्या दिवसापर्यंत पसरतो? तरुण, धडधाकट मुलाला काय होतं, आणि त्याच्या घरातल्या सत्तरीच्या आजीला काय होतं? अंगात आजार असताना दम लागेपर्यंत पळालं तर बिघडतं का? बरं झाल्यावर किती दिवसांनी मैदानात उतरवायचं? ही उत्तरं फळ्यावर लिहून ठेवा, म्हणजे पुढचा वाद त्यांना धरून होतो.

दोन्ही बाजूंचं म्हणणं पुरतं ऐकून घ्या. रद्द केल्यानं काय जातं, हे खेळाडूच नीट सांगतात. निवड जाते, वयोमर्यादा सरते, वाढीव गुणांचा आधार जातो. राज्यात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, आणि शेतकऱ्याच्या, रिक्षावाल्याच्या मुलासाठी प्रमाणपत्रांची ती फाइल म्हणजे घराची आशा असते. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट असते, जी बैठकीत कुणी बोलत नाही. एक हंगाम घरी बसलेली मुलगी पुढच्या हंगामात येईलच याची खात्री नसते, मधल्या काळात लग्न ठरतं. माझ्या संघातल्या तिघी अशाच गेल्या. दुसऱ्या बाजूला हॉस्टेलच्या स्वयंपाकघरातल्या मावशी आहेत, त्यांना साखरेचा आजार आहे आणि त्या कोणत्याही स्पर्धेत उतरलेल्या नाहीत. पंच आहेत, त्यांतले बरेच पन्नाशीपुढचे. खेळाडूंनी धोका पत्करला तरी यांना कुणी विचारलंय का, हा प्रश्न बैठकीत तुम्हीच मांडा. पैशाचा विषयही उघड बोला. मंडप सांगून झालाय, ट्रॉफ्या आल्यात, प्रायोजकाचं नाव छापून झालंय, हे मनात ठेवून माणसं आरोग्याच्या गप्पा मारतात आणि मग निर्णय वाकडा होतो.

मार्च 2020 मध्ये अमेरिकेत हाच वाद फार मोठ्या प्रमाणावर झाला. 10 मार्चला नामांकित विद्यापीठांच्या आयव्ही लीगनं आपली बास्केटबॉल स्पर्धा रद्द केली तेव्हा, अती करतायत, अशी टीका झाली. दोनच दिवसांनी, 12 मार्चला, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये कॉलेजांचा एक सामना मध्यंतरातच थांबवून सगळ्यांना घरी पाठवलं गेलं, आणि त्याच दिवशी राष्ट्रीय संघटना एनसीएएनं बास्केटबॉलच्या अजिंक्यपद स्पर्धेसह त्या हंगामाच्या सगळ्या अजिंक्यपद स्पर्धा रद्द केल्या. सदस्य कॉलेजांना वाटून द्यायची रक्कम 60 कोटी डॉलरवरून 22.5 कोटींवर आली. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते यानंतरचं. महिनाअखेरीस त्यांनी वसंत ऋतूतल्या खेळांच्या खेळाडूंना पात्रतेचं एक वर्ष वाढवून दिलं. पुढं 11 ऑगस्टला विद्यापीठांच्याच बिग टेन लीगनं अमेरिकन फुटबॉलचा हंगाम पुढं ढकलला. कोविडनंतर हृदयाच्या स्नायूंना सूज येते का, ही त्यामागची एक मोठी काळजी होती. 16 सप्टेंबरला रोजच्या चाचण्या आणि हृदयतपासणीची सोय करून त्यांनी निर्णय फिरवला. त्यांच्याइतका पैसा आपल्याकडे नाही, पण परिस्थिती बदलल्यावर निर्णय बदलायची तयारी आणि खेळाडूचं गेलेलं वर्ष भरून देण्याचा प्रयत्न, या दोन गोष्टींना पैसा लागत नाही. स्पर्धा रद्द करणार असाल तर त्याच बैठकीत विद्यापीठाला पत्र लिहा: या वर्षीच्या खेळाडूंचं वय, गुण आणि निवड यांचं काय करणार?

निर्णय "घ्यायची" किंवा "नाही" एवढाच नसतो. पुढं ढकलता येते, संघ कमी करता येतात, प्रेक्षकांविना घेता येते, सांघिक खेळ थांबवून मैदानी स्पर्धा चालू ठेवता येतात. चालू ठेवायचं ठरलं तर कशामुळं थांबवणार हेही आधीच लिहून ठेवा. आमचं लिहिलेलं होतं: आलेल्या खेळाडूंपैकी दोघांना जुलाब सुरू झाले, किंवा एका सकाळी पाण्यात क्लोरीन सापडलं नाही आणि उकळायची सोय कोलमडली, तर त्या क्षणी स्पर्धा थांबेल, मग अंतिम सामना चालू का असेना. आधी लिहिलेलं असलं की ऐन वेळी कुणाशी भांडावं लागत नाही.

मुलं आजार लपवतात, हे धरून चाला. मीही लपवला असता. ताप आहे म्हटलं की संघातली जागा जाते, ही भीती असते. म्हणून संघासमोर, मोठ्यानं सांगा, की आजारी म्हणून जो बसेल त्याची जागा राखीव राहील, आणि तसं वागा. एकदा जरी शब्द फिरवला तरी पुढच्या साथीत तुम्हाला कुणी खरं सांगणार नाही. परत घेताना घाई नको. फ्लूमध्ये औषधाशिवाय चोवीस तास ताप नसला तरच सगळ्यांत मिसळू द्या, आणि पहिले काही दिवस हलका सराव. डेंग्यूनंतर डॉक्टरांनी प्लेटलेट पाहून हो म्हटल्याशिवाय पकडी करू देऊ नका.

राहिली सूचना. ती बैठक संपायच्या आत लिहा, आणि "पुढील सूचनेपर्यंत" हे शब्द कागदावर येऊ देऊ नका. आमची शेवटची सूचना अशी होती: "स्पर्धा 8 दिवस पुढं ढकलली आहे. कारण: परिसरातील पाण्याचे अहवाल अजून आलेले नाहीत. पुढचा निर्णय सोमवारी दुपारी 4 वाजता होईल आणि त्याच संध्याकाळी प्रत्येक खेळाडूला फोन जाईल." सोमवारी अहवाल आले नसते तरी फोन गेलेच असते.

त्या फोनसाठी हंगामाच्या सुरुवातीलाच यादी करून ठेवा. प्रत्येक खेळाडूचे दोन नंबर: एक त्याचा, दुसरा घरच्यांचा किंवा गावातल्या दुकानाचा, जिथं निरोप नक्की पोचेल. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं म्हणजे पोचलं असं समजू नका. आमच्या तालमीतल्या एका मुलाकडे फोन नाही. त्याच्या नावापुढे दूधसंकलन केंद्राचा नंबर आहे, आणि सकाळी सहा ते आठ तिथं फोन उचलतात असं मी शेजारी लिहून ठेवलं आहे.